चांगुणाबाईंचा हेवा

मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं. मी बादली उचलायला वाकले. मला सरळ होता आलं नाही. मीनलने नळ बंद केला आणि शेजारच्यांना बोलावलं. संध्याकाळी मी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात होते.

मीनल माझी मुलगी. तेव्हा ती तिसरीत होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बदलापूरला राहत होतो. मी तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायची. माझे यजमान अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. माझी पाठ वर्षभर दुखत होती आणि मी ती वर्षभर शेकत होते.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. औषधांबद्दल डॉक्टर माझ्यापेक्षा नीट सांगतील. आडवं पडून राहिल्यावर मनात काय काय येतं, तेवढं मला सांगता येईल. भीती येते, हे सगळेच सांगतात. हेवा येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

महिने विचारा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्या डोक्यावरून ह्यांना म्हणाले, "मणक्याला टीबी आहे. बरा होतो. पण झोपून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही. कूस बदलायची तर दोघांनी धरून बदलायची."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"महिने विचारा."

माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, नाशिकहून घर सांभाळायला आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, "बाहेर मणक्याचं दुखणं सांगायचं. टीबीचं नाव काढायचं नाही. उद्या मीनलच्या लग्नाच्या वेळी लोक उकरून काढतील." मीनल आठ वर्षांची होती.

रोज इंजेक्शन असे. सकाळच्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. हे मला आधी कोणी न सांगितल्याने पहिल्या दिवशी मी घाबरून रडले, म्हणून इथे सांगून ठेवते. डोक्याखाली उशी नाही. छतावर एक पंखा आणि ओल आलेला एक डाग, एवढंच जग. मला त्या वॉर्डात पहिला हेवा वाटला तो व्हरांड्यातल्या नळाशी उभं राहून तोंड धुणाऱ्या बाईचा. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, काखेत कुबडी होती. पण ती उभी होती.

मग आयाने एक युक्ती केली. वेणीफणीचा छोटा आरसा तिने खाटेच्या दांडीला सुतळीने तिरका बांधून दिला. त्यात मला दार दिसायचं, खिडकीचा तुकडा दिसायचा आणि शेजारची खाट दिसायची. या आजारात मला मिळालेली ती पहिली मेहेरबानी. आरसा नसता तर मी इतकी जळलेही नसते.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर चांगुणाबाई होत्या. अंबरनाथजवळच्या मोरिवली गावच्या आगरी बाई, सत्तरीच्या पुढच्या. अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वजन टांगलं होतं, त्यामुळे त्याही माझ्यासारख्याच उताण्या. पण त्यांच्या खाटेभोवती सतत माणसं. मुलगे, सुना, नाती, गावातल्या बाया. डब्यातून भाकरी आणि सुकटीचा वास यायचा, आणि हसू.

चांगुणाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणतात, ती गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ज्या घरचं लग्न असेल त्या घरची माणसं ती गाण्यात गुंफते. त्यामुळे दहा गावांतल्या घरांची माहिती त्यांच्या जिभेवर होती, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. वॉर्डात आलेल्या कोणालाही त्या हाक मारायच्या, "इकरं ये गो, बस. कोनाची तू?" सकाळी एखाद्या बाईने चार वाक्यं सांगितली की संध्याकाळी त्याची गोष्ट झालेली असायची. नर्स थर्मामीटर हातात धरून उभी राहायची.

त्या गोष्टीत भर घालायच्या. पडलेला माणूस विहिरीतच पडायचा. सासू असली तर ती पाण्यात विष कालवायची. माझ्यातल्या शिक्षिकेला राग यायचा. मी छताकडे बघून म्हणायची, "असं झालेलं नाहीये, चांगुणाबाई. त्या सकाळी वेगळं सांगत होत्या."

"मास्तरनी जागी हाय वाटतं," त्या म्हणायच्या. "मंग तू सांग."

मी सांगत नसे.

मीनल दर रविवारी यायची. वन्संनी तिला ताकीद दिली होती, आईच्या फार जवळ जायचं नाही. ती दोन खाटांच्या मधे उभी राहायची. काही रविवारांनी ती मधे उभी राहायची तीच चांगुणाबाईंकडे तोंड करून. आरशात मला तिची वेणी दिसायची. वन्सं माझ्यापेक्षा घट्ट वेणी घालायच्या. ती वेणीही मला सहन होत नसे.

"आई, आजींना विचार ना, मग त्या माणसाचं काय झालं?" ती मला म्हणाली. मी मराठी शिकवणारी बाई. माझ्या मुलीला गोष्ट हवी होती आणि ती मलाच मध्यस्थ करत होती.

पेन ठेवून दिलं तेव्हा

मी पूर्वी गोष्टी लिहायची. दोन-तीन दिवाळी अंकांत छापूनही आल्या. तेव्हा आम्ही अंबरनाथलाच राहायचो. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. सकाळी भोंगे वाजत नसत. मीनलला माझी आई खालच्या मजल्यावर सांभाळायची, आणि हे केदारला घेऊन शिवमंदिरात जायचे. ती सकाळ मला लिहायला मिळायची.

केदार आमचा मोठा मुलगा, मीनलहून वर्षाने मोठा. साडेचार वर्षांचा असताना तापाने गेला. तो गेल्यावर मला शुक्रवारच आठवायचे. त्या सगळ्या सकाळी मी त्याच्याबरोबर मंदिरात जाऊ शकले असते, आणि मी ओट्याशी बसून कुठल्यातरी न घडलेल्या बाईची गोष्ट लिहीत होते. मी पेन ठेवून दिलं. आम्ही घर बदललं, बदलापूरला आलो. घरात त्याचं नाव निघत नसे. ह्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही. मीनलला तो आठवत नव्हता.

हॉस्पिटलात हे रोज कारखान्यातून येताना तासभर बसायचे. मला वर्तमानपत्रातले मथळे वाचून दाखवायचे. मग म्हणायचे, "चल, निघतो."

हळद

चांगुणाबाईंच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. आजीचा पाय मोडला म्हणून तारीख बदलता येईना, आणि आजीने धवला म्हटल्याशिवाय हळद लागेना. शेवटी हळदीच्या दिवशी दुपारी मोरिवलीच्या बाया नवरीला घेऊन वॉर्डात आल्या. वाटीत हळद घेऊन. हेडनर्सने आधी नाही म्हटलं, मग स्वतःच खुर्ची घेऊन बसली.

चांगुणाबाईंनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. आवाज फाटका होता, पण खोलीच्या चारी कोपऱ्यांत पोचत होता. आधी देवांना मांडवात बोलावलं. मग घरातल्या गेलेल्या माणसांना. ती पद्धतच होती, गेलेल्यांनाही आमंत्रण देण्याची. सासरा, नवरा, बाळंतपणात गेलेली जाऊ. प्रत्येकाचं नाव, गाव, काहीतरी ओळखीची खूण, आणि शेवटी "ये रं मांडवान."

घरची नावं संपली. त्या थांबल्या नाहीत. बहुधा वॉर्ड हाच मांडव आहे असं त्यांनी ठरवलं असावं. कोपऱ्यातल्या म्हातारीच्या नवऱ्याला बोलावलं. समोरच्या खाटेवरच्या लाजवंतीच्या आईला बोलावलं. आणि मग:

"बदलापूरचा केदार, नऊ वर्साचा, दप्तर खांद्यावर, शालंतना येतंय, ये रं मांडवान."

मला उठता येत नव्हतं. वळता येत नव्हतं. मी आरशात बघत होते आणि आरशात त्यांचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा होता. बायांनी हळद लावली, पेढे वाटले, माझ्या हातावरही एक ठेवला आणि गेल्या.

"त्याचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुज्या नवऱ्याने."

"कधी?"

"तुना मनक्याचा फोटो काराला नेला व्हता ना खाली, तवा. बसला व्हता तुज्या खाटेवर. मी इचारला, सोकरी येकच काय, पोऱ्या नाय? मंग बोलला. रडला पन."

इतकी वर्षं ह्यांचे डोळे मी कोरडे पाहिले होते. मी त्यांना दगड समजत होते आणि त्या समजुतीवर मी उभी होते. आणि ते रडले ते एका परक्या बाईसमोर, माझ्याच रिकाम्या खाटेवर बसून. नवऱ्याचा दुसऱ्या बाईशी संबंध आहे असं कळलेल्या बायकांबद्दल मी वाचलं होतं. त्यांना काय होत असेल ते मला त्या दुपारी कळलं, आणि ती दुसरी बाई सत्तरीची होती, तिच्या पायाला वजन टांगलेलं होतं आणि ती मिश्री लावत होती.

"तो नऊ वर्षांचा नाहीये," मी म्हणाले. "तो शाळेत कधी गेलाच नाही."

"मंग तू सांग बरोबर," चांगुणाबाई म्हणाल्या.

पेन्सिल

उताणं झोपून हात वर धरून लिहिलं तर पेनातून शाई उतरत नाही. बॉलपेनही चार शब्दांनंतर बंद पडतं. हे माझ्यासारख्यांना उपयोगी पडेल. पेन्सिल चालते. मी ह्यांच्याकडे पेन्सिल, पुठ्ठा आणि मागल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं मागितली. ह्यांनी का ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन पेन्सिली आणल्या, टोकं करून.

मी केदारची खरी हकिकत लिहिली. हात भरून यायचे, पुठ्ठा तोंडावर पडायचा. फार हळू लिहून झालं. मला ते कोणालाच दाखवायचं नव्हतं, फक्त चांगुणाबाईंना ऐकवायचं होतं. ऐकवलं.

त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "ताप आला, इंजिशन दिला, गेला. पोऱ्या कुठं हाय यात?"

"हेच घडलं आहे."

"असंल. पन मी नाय बोलवनार असल्या पोऱ्याला मांडवान. येऊन काय करंल तो? निस्ता मरंल."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण पटत नाही. दप्तर घेतलेला केदार माझा नाही. पण माझ्या पानातलाही तो नव्हता, हे त्या दोन दिवसांत मी पान पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं.

समोरची लाजवंती हे सगळं बघत होती. उल्हासनगर कॅम्पात, सिंधी वस्तीत, तिचं पापडाचं दुकान होतं, मनगट मोडलं होतं. ती म्हणाली, "दीदी, मेरा लिखो ना. इस आजी ने तो मेरी माँ को पूरा रास्ता पैदल चलाया. हम तो जहाज़ से आए थे!" चांगुणाबाईंच्या गोष्टीत लाजवंतीची आई सिंधमधून लेकीला काखेत घेऊन जळत्या गावांमधून चालत आली होती. सगळा वॉर्ड रडला होता. लाजवंतीही रडली होती.

मी तिला विचारत गेले आणि लिहीत गेले. जहाजात ती कोणाच्या तरी गाठोड्यावर ओकली होती. मग उल्हासनगरच्या बराकी. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. पडद्याखालून पोळपाट इकडून तिकडे जायचा. एकदा तिच्या आईने पडद्याखालून पाय धरून मुलाला ओढलं, तेल चोपडलं, घासून अंघोळ घातली, आणि पुसताना बघते तर पोरगा शेजाऱ्यांचा. आपला पलीकडे तसाच मळका, आणि शेजारीण इकडे ओरडतेय की माझा मुलगा कुठे गेला.

ते वाचून दाखवलं तेव्हा लाजवंती इतकी हसली की नर्स धावत आली. "ये मैंने बताया था? मैं तो भूल ही गई थी!" मग हसता हसता तिने डोळे पुसले. "वो लड़का, दीदी, अभी भी मिलता है. मोटा हो गया है."

मी आरशात पाहिलं. चांगुणाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"झोपलात काय?" मी विचारलं.

"मना कायी नाय आयकू आलं," पदराआडून उत्तर आलं. "आनि ते पोराचा पाय मी माजे गोष्टीन घातला असता तं बरा घातला असता."

त्या जळत होत्या. माझ्यावर. आजारी पडल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या रात्री मी पंख्याकडे बघत उद्या कोणाचं लिहायचं ते ठरवत होते.

पुढे आमच्यात चुरसच लागली. आया, कुबडीवाली, लाजवंतीची जाऊ, ज्याची गोष्ट त्या सांगायच्या त्याची मी लिहायची. मीनल दोन खाटांच्या मधे उभी राहून दोन्ही ऐकायची आणि निकाल द्यायची. बहुतेक वेळा निकाल आजींच्या बाजूने लागायचा. पण एका रविवारी तिने विचारलं, "आई, तुझ्यात पुढे काय?" मी मान वळवू शकत नव्हते ते बरं झालं.

चांगुणाबाई घरी जातात

त्यांना न्यायला मुलगे टेम्पो घेऊन आले. गादी आधीच टेम्पोत घातली होती. निघताना त्यांचं स्ट्रेचर माझ्या खाटेशी थांबलं. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा आरशाशिवाय दिसला.

"मास्तरनी, मना एक गोष्ट म्हायती हाय तुज्या केदारची. तुना नाय म्हायती."

"काय?"

"ती माजी नाय. ज्याची हाय त्याला इचार."

"मग मला सांगितलंत तरी कशाला?"

"तुजा तोंड बगायला," असं म्हणून त्या हसल्या, आणि मुलांनी स्ट्रेचर उचललं.

मी ह्यांना विचारलं नाही. विचारलं तर ते सांगतील आणि मला ती गोष्ट चांगुणाबाईंच्या नंतर मिळेल, हे मला चालणारं नव्हतं. काही महिन्यांनी कमरेला पट्टा बांधून मी घरी आले. उभी राहिले तेव्हा घर मला बुटकं वाटलं. वन्सं नाशिकला परत गेल्या. मीनलची वेणी मी घालू लागले, सैल. मी लिहीत होते, शेजारणींचं, शाळेतल्या शिपायाचं. केदारचं पान तसंच होतं.

मग एके दिवशी हे कारखान्यातून लवकर आले. चांगुणाबाईंचा मुलगा शेजारच्या कारखान्यात कामाला होता. त्याने सांगितलं होतं की त्या गेल्या.

आम्ही मोरिवलीला गेलो. कारखान्याच्या भिंतीला लागून घर, अंगणात शेवगा. त्या नातीला पोटावरून सातवा महिना असावा. तिने मला ओळखलं. "तुमीच मास्तरनी? आजी लय राग करायची तुमचा. बोलायची, माजे तोंडचा कारून कागदावर नेतेय ती." आणि तिने मला चहा दिला. मला वाटलं होतं मला रडू येईल. मला अभिमान वाटला. रडू नंतर आलं, रिक्षात.

येताना मी ह्यांना म्हटलं, "शिवमंदिराशी थांबूया."

मंदिराबाहेर

माझ्याने गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. बेलफुलं विकणारी बाई तीच होती, म्हातारी झालेली.

"तुम्ही चांगुणाबाईंना काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

ह्यांना कळलं मी कशाबद्दल बोलते आहे ते. "फार काही नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू लिहिणं बंद केलं होतंस. तुला वाटलं असतं मी टोमणा मारतोय."

मग ते समोर बघत बोलू लागले.

"ती बेलवाली दर शुक्रवारी त्याला विचारायची, आई नाही आली? हा म्हणायचा, आई कामावर आहे. ती म्हणायची, आज शुक्रवार, सगळे कारखाने बंद, तुझी आई कुठे कामावर? तर म्हणाला, आमच्या आईचा चालू असतो. आईचा गोष्टींचा कारखाना आहे. ती म्हणाली, मग भोंगा वाजतो का? हा म्हणाला, वाजतो की. 'गप्प बसा' असा वाजतो."

शुक्रवारी निघायच्या आधी दोघं दंगा करायचे, तेव्हा वही समोर घेऊन मी ओरडायची. गप्प बसा. त्याच सुरात त्याने ते म्हटलं असणार. दर शुक्रवारी, ह्यांनी सांगितलं, त्याला तो भोंगा वाजवून दाखवायला लावायची ती बेलवाली, आणि तो छाती फुगवून वाजवायचा. मी हसले. पाठीत कळ आली तरी हसले. हे रडले, माझ्यासमोर.

ती गोष्ट बेलवालीकडे होती. ह्यांच्याकडे होती. चांगुणाबाईंकडे होती, आणि त्या ती बरोबर घेऊन गेल्या. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली. त्याबद्दलचा हेवा गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

घरी आल्यावर मी केदारचं पान पुन्हा लिहिलं. आता त्यात ताप शेवटच्या ओळीत आहे.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मणका जुळला आहे, थंडीत दुखतो. जड बादली मी उचलत नाही. आरसा अजून माझ्याकडे आहे. लाजवंतीने गोष्टीचं पान मागून घेतलं आणि दुकानात पापडांच्या वर लावलं आहे. चांगुणाबाई नाहीत. शुक्रवारी सकाळी मी लिहायला बसते. मीनल गाणी लावते, हे मोठ्याने पेपर वाचतात, आणि मी कोणाला गप्प बसा म्हणत नाही.